जुलाब नेमके कधी झाले होते?

जानेवारी २०२५. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून हातापायांना मुंग्या येऊन ताकद गेलेले रुग्ण एकापाठोपाठ एक रुग्णालयांत येऊ लागले. निदान होते गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. एरवी वर्षाकाठी लाखात एखाद-दोघांना गाठणारा हा आजार. तो एकाच भागात इतक्या जणांना कसा, हे शोधायला तिथल्या नांदेड, किरकटवाडी भागात पथके घरोघरी फिरली.

दुखणे पायांत, मग आरोग्यसेविका पोटाची चौकशी का करते? कारण जीबीएसची लक्षणे अनेकदा पोटाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो पोटात गेल्यापासून जुलाब लागेपर्यंत साधारण दोन ते पाच दिवस जातात. म्हणजे आज पाय लटपटणाऱ्या माणसाला कधीकधी जवळपास महिन्यापूर्वीचे पाणी आठवावे लागते!

तपासात आधी रुग्ण कोणाला म्हणायचे हे ठरते: कोणती लक्षणे, कोणता भाग, कोणत्या तारखेपासून. ही व्याख्या सुरुवातीला मुद्दाम सैल ठेवतात, सौम्य दुखणेकरी निसटू नयेत म्हणून. प्रयोगशाळेचे अहवाल आले की संशयित आणि निश्चित रुग्ण वेगळे होतात. मग प्रत्येकाची एक ओळ: वय, पत्ता, पाणी कुठले, खाणे कुठले, पहिले लक्षण कधी. यात सगळ्यांत मोलाची ती पहिल्या लक्षणाची तारीख. दाखल झाल्याची तारीख तिची जागा घेऊ शकत नाही.

‘आमच्याकडे सगळे ठणठणीत’ म्हणून दार लावून घेणे हे तपासाचे मोठे नुकसान. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने थैमान घातले, तेव्हा शेजारच्याच बिअरच्या कारखान्यातले कामगार बचावले. ते त्या रस्त्यावरच्या सार्वजनिक पंपाचे पाणी पीत नव्हते. साथ पंपाच्या पाण्यातून पसरतेय, या डॉ. जॉन स्नो यांच्या संशयाला या निरोग्यांनीच बळ दिले.

तेव्हा आजारी असो वा नसो, पाणी नळाचे, विहिरीचे की टँकरचे, बाहेर कुठे जेवण झाले, हे आठवेल तसे सांगावे. आठवत नसेल तर तसेच सांगावे, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये. जुलाबात मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. नमुन्यात जंतू सापडणे मग अवघड होते. आणि पायांतली ताकद कमी होतेय असे वाटले, तर पथकाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.