बॅकअपची स्क्रिप्ट गप्प बसणारी नको, बोलणारी हवी



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या लिनक्स कॉम्प्युटरवर रोज बॅकअप घेणारी छोटी बॅश स्क्रिप्ट लिहिली. कमांड्स तिथे स्क्रीनवर आहेतच. इथे कुठली ओळ कशासाठी आहे ते सांगतो. नुसत्या ओळी कॉपी केल्या तर बिघाड झाल्यावर हात टेकावे लागतात.

आधी हे सगळं कशासाठी? महाडकराला ते फार सांगावं लागत नाही. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. माझं दुकान तळमजल्यावर, कॉम्प्युटर पाण्यात गेला. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये! चिखल काढायला आठवडा लागला, उधारीची यादी परत उभी करायला चार महिने, आणि तीही गिऱ्हाइकांच्या प्रामाणिकपणावर. त्यात जीएसटीचा हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपून ठेवावा लागतो, तो घोर वेगळाच.

म्हणून नंतर दोन प्रती सुरू केल्या. एक दुकानातल्या बाहेरच्या डिस्कवर, दुसरी आर-सिंकने इंटरनेटवरून वीसेक किलोमीटरवर पोलादपूरच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर.

वाटलं, झालं काम. पण एकदा मे महिन्यात, पावसाळ्याआधी तपासायला बसलो तर बाहेरच्या डिस्कमध्ये शेवटची फाइल मार्चची. स्क्रिप्ट तर रोज चालत होती! साफसफाईत डिस्कची वायर निघाली होती. डिस्क जोडायचा फोल्डर मात्र कॉम्प्युटरवर तसाच होता. स्क्रिप्ट बिचारी रोज त्याच फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर, कॉपी करत बसली. एरर एकही नाही. त्या दिवसापासून मी खालचे पाच नियम पाळतो.

1. चूक झाली की थांबायला सांगा.
बॅशचा स्वभाव असा की एक कमांड फसली तरी तो पुढच्या ओळीवर जातो. समजा पहिली ओळ 'बॅकअपच्या फोल्डरमध्ये जा' आणि दुसरी 'जुन्या फाइल्स पुसून टाक'. पहिली फसली तर दुसरी भलत्याच फोल्डरवर चालेल. म्हणून सुरुवातीलाच 'सेट' कमांडने तीन गोष्टी लावा: 'ई' म्हणजे चूक झाली की थांब, 'यू' म्हणजे व्हेरिएबलला किंमत दिलेली नसेल तर थांब, आणि 'पाइपफेल' म्हणजे पाइपमधली मधली कमांड फसली तरी ती चूक धर.

2. डिस्क खरंच जोडलेली आहे का, ते विचारा.
'माउंटपॉइंट' नावाची कमांड हेच काम करते. डिस्क नसेल तर कॉपी करूच नका. ही एक ओळ असती तर माझे दोन महिने वाचले असते.

3. व्हेरिएबल नेहमी अवतरण चिन्हात ठेवा.
आपल्या फाइल्सची नावं 'मे बिल नवीन' अशी असतात. अवतरण नसेल तर बॅश त्याला तीन वेगळ्या फाइल्स समजतो.

4. वेळेचं काम क्रॉनवर डोळे मिटून सोपवू नका.
टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये बंद पडते, कारण कमांड शोधायची ठिकाणं क्रॉनला मोजकीच माहीत असतात. म्हणून कमांडचा पूर्ण पाथ लिहा. दुसरं म्हणजे लाइट. पावसाळ्यात ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि कॉम्प्युटर बंद असताना हुकलेलं काम साधा क्रॉन नंतर करत नाही. सिस्टिमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू केलं की कॉम्प्युटर सुरू झाल्यावर राहिलेलं काम होतं.

5. आर-सिंकचं 'डिलीट' जपून वापरा.
दुकानात चुकून पुसलेली फाइल हा पर्याय प्रतीमधूनही पुसतो. आधी 'ड्राय रन' करून काय होणार ते बघा. आणि तारखेच्या नावाने निदान सात दिवसांच्या वेगळ्या प्रती ठेवा.

आता मुख्य मुद्दा. बरेच जण म्हणतात, 'फसलं की मेल येईल अशी सोय केली आहे.' पण तो मेलच आला नाही तर? 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधले तर रोजचा बॅकअप कधीपासून फसत होता, आणि फसल्याचे मेल पोचतच नव्हते. सुदैवाने सहा तास आधीची एक प्रत हाताने काढलेली होती, म्हणून निभावलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर आपलं काय!

म्हणून उलटं करा. काम झाल्याची खूण रोज पाठवा, आणि खूण आली नाही तर बोंब मारा. माझ्या स्क्रिप्टची शेवटची ओळ एका छोट्या फाइलमध्ये तारीख-वेळ लिहून ती पोलादपूरला पाठवते. आधी काही चुकलं असेल तर पहिल्या नियमामुळे स्क्रिप्ट तिथपर्यंत पोचतच नाही. पोलादपूरच्या कॉम्प्युटरवरची दुसरी स्क्रिप्ट ती फाइल 26 तासांपेक्षा जुनी झाली का बघते. झाली की स्क्रीनवर मोठ्या अक्षरात सूचना येते, आणि आईचा फोन: 'अरे, तुझा डबा आज आला नाही.' दुकान बंद असलं की उगाच फोन येतो. येऊ दे.

शेवटचं काम स्क्रिप्टचं नाही, तुमचं. महिन्यातून एकदा प्रतीमधली एक फाइल काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली तरच तो बॅकअप. या महिन्याची तुमची फाइल आजच उघडा, पाऊस सुरू व्हायच्या आत.