साइड ड्रमला पाना लावण्याआधी

अगं, त्या बंद पडलेल्या बँडपार्टीचा साइड ड्रम तू उचलून आणलास ते मला मनापासून आवडलं. आई म्हणेल ते म्हणू दे. पण फोनवर तू जी यादी वाचलीस ना, नवे लग, नवी रिम, नव्या तारा आणि वर सगळ्याला क्रोम, ती ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. एवढं सगळं बदललंस तर जुनं उरणार काय, आतली हवा? आधी काहीही विकत घेऊ नकोस. दुखणं नेमकं कुठं आहे ते शोध.

शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, कशाचं आहे ते तुला माहीत नाही म्हणालीस. फ्रिजवरचं चुंबक काढ आणि लावून बघ. चिकटलं तर आत पोलाद. नाही चिकटलं तर पितळ किंवा अॅल्युमिनियम, आणि त्यातला फरक हाताला कळतो, कारण तेवढ्याच आकाराचं पितळ अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. माझा अंदाज पितळाचा. आपल्या बँडवाल्यांचं सामान पिढ्यान् पिढ्या मेरठच्या जली कोठीतून येतं. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची आहे, आणि पितळेवर हात बसलेली माणसं ती. लालसर गंज दिसला तर पोलाद, हिरवट डाग दिसले तर पितळ, आणि पांढरी भुकटी धरली असेल तर अॅल्युमिनियम.

गंज फक्त रिमवर असेल तर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा फॉइल चुरगाळून पाण्यात बुडव आणि हलक्या हाताने घास. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतो, त्यामुळे गंज निघतो आणि ओरखडे पडत नाहीत. पितांबरी मात्र घरातल्या पातेल्यांसाठी राहू दे. शेलवर निकेलचा थर असेल तर तो इतका पातळ असतो की चकचकीत करायच्या नादात तू खालचं पितळ उघडं करशील. जे बारीक खड्डे पडलेत ते पडलेत. बँडवाल्याने वरातीत हा ड्रम गळ्यात अडकवून किती वर्षं वाजवला असेल, त्याच्या खुणा पुसायचा हट्ट कशाला?

आता तू सांगितलेली खरी तक्रार, ती करकर. तारा खालून सैल सोड, म्हणजे तारांचा खटका खाली पाड, आणि वरच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या पडद्यावर, एक टिपरी मार. करकर थांबली तर दोष तारांत. थांबली नाही तर शेलवरच्या एखाद्या वस्तूत. मग एका हाताने वाजवत राहा आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका लगवर, म्हणजे रॉड ज्यात शिरतो त्या शेलवरच्या तुकड्यावर, दाबून धर. ज्याच्यावर बोट ठेवताच आवाज मेला, तो चोर. बऱ्याच जुन्या लगांच्या पोटात नटला धरून ठेवणारी स्प्रिंग असते, तीच किणकिणते. लग उघडून स्प्रिंगभोवती कापसाचा बोळा कोंबलास की काम झालं. तुझ्या कानाची खात्री वाटत नसेल, तर वांगणीत चांगल्या कानांची काय कमी? आपल्या गावात दृष्टिहीन कुटुंबं किती आहेत, त्यांतली काही माणसं लोकलमध्ये गाऊन-वाजवून पोट भरतात. त्यांतल्या कुणी ओळखीच्या ढोलकीवाल्याला बसव आणि एकदा नुसतं ऐकव. तो कुठला लग ते सांगून मोकळा होईल. चहा पाज मात्र, आणि त्याने वेळ दिला त्याचे पैसेही दे.

पान आवळायचे रॉड फिरत नाहीत म्हणतेस, तिथे मी जरा जास्त बोलणार आहे. मोठा पाना लावून जोर करू नकोस. लग ओतीव मिश्रधातूचे असतात, ते वाकत नाहीत, थेट चिरतात, आणि चिरलेल्या लगाचा जोडीदार मिळवणं म्हणजे डोकेदुखी. रॉडच्या डोक्यावर आणि तळाशी रॉकेलचे किंवा डब्ल्यूडी-४० चे थेंब सोड आणि रात्रभर विसरून जा. सकाळी चावीने पाव आटा उलटा, पाव आटा सुलटा. हलला की पुन्हा थेंब. एकाच जागी सगळं सैल करू नकोस, समोरासमोरच्या जोड्या घे आणि अर्धा-अर्धा आटा सोडत जा, नाहीतर रिमला पीळ बसतो. प्रत्येक रॉड निघाला की त्याला नंबराची चिठ्ठी लाव, कारण जुना रॉड आपल्याच नटात बसलेला असतो.

आटे मेले असतील तर हार्डवेअरच्या दुकानात सरळ ‘बोल्ट द्या’ म्हणून उभी राहू नकोस. अमेरिकन घाटाचा रॉड साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीचा असतो आणि इंचात २४ आटे. आपला दुकानदार तुला पाचचा देईल किंवा सहाचा. पाचचा सैल लोंबकळेल, सहाचा जबरीने घुसवलास तर उरलेसुरले आटेही जातील. आणि इंग्लिश घाटाचं असेल तर मोजमाप आणखी वेगळं. त्यापेक्षा एक चांगला रॉड आणि एक मेलेला नट पिशवीत घाल आणि अंबरनाथला एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे जा. आटे मोजायची दातेरी पानं त्याच्याकडे असतात. नट पितळेचा करून मागव. पितळ मऊ, म्हणजे पुढे झिजायचं झालं तर नट झिजेल, रॉड वाचेल. मोठी कामं हातात असलेल्या दिवशी तो तुझ्याकडे बघणारही नाही, म्हणून आधी फोन कर.

तारांचा खटका आपोआप पडतो म्हणालीस, तर त्याची स्प्रिंग तपास, घासलेली खाच तपास, आणि स्क्रू ढिले आहेत का तेही. नवा खटका आणायचाच झाला तर एक गोष्ट तुला अगदी शपथ घालून सांगते. नव्याची भोकं जुन्या भोकांवर बसणार नाहीत, आणि दुकानदार म्हणेल, ‘ताई, दोन नवी मारून देतो.’ मारू देऊ नकोस. जुन्या भोकांना बसेल अशी दोन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी कापून घे, नवा खटका त्या पट्टीवर बसव. शेलला पाडलेलं भोक परत बुजत नाही. तारा बांधायला सुतळी वापरू नकोस, ती ताणली जाते. साडीला फॉल लावणाऱ्याकडची घट्ट विणीची रिबन किंवा फाटलेल्या पानाची कापलेली पट्टी चालते. आणि तारा उगाच आवळू नकोस, आवळल्या की ड्रम बोलायचाच बंद होतो.

पान घेण्याआधी शेलचा बाहेरचा व्यास मोज, चार ठिकाणी. १४ इंचाचं म्हणून सगळं १४ चं नसतं. १९६० च्या दशकातले प्रीमियरचे काही इंग्लिश ड्रम किंचित मोठे, त्यांच्यावर आजचं पान चढतच नाही. खालचं पान वरच्यापेक्षा कितीतरी पातळ, वरचं पाव मिलिमीटर असेल तर खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं कमी. खाली वरचं पान बसवलंस तर तारा गप्प बसतील. शेलची खालची कड सपाट आहे का ते, शेल ओट्याच्या ग्रॅनाइटवर टेकवून आत टॉर्च लावून बघ, अंधारात. उजेड फक्त खटक्याच्या आणि त्याच्या समोरच्या जागी दिसायला हवा. तिथली कड मुद्दाम उतरवलेली असते, तारा पानावर नीट टेकाव्यात म्हणून. ती घासून सपाट करायला बसू नकोस.

पान आणायला धोबी तलावला जा. फुर्ताडो हे तिथलं जुनं दुकान, १८६५ चं, पण आजूबाजूच्या दुकानांतही विचार. गाडीने सीएसएमटीला उतर आणि चालत जा, शेलचं माप कागदावर लिहून ने, ड्रम नेऊ नकोस, नाहीतर लोकलमध्ये कर्जतवाल्यांच्या गर्दीत तो सांभाळत उभी राहशील.

ठेवायचा कुठे? जमिनीवर नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं उतरवावी लागली, आठवतंय ना? उंचावर ठेव आणि पावसाळ्यात पेटीत सिलिकाच्या पुड्या घाल. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बंद करू नकोस, आत घाम धरतो.

आणि सराव दुपारी नको. खालच्या काकूंचा डोळा लागलेला असतो त्या वेळी. पानावर जाड टॉवेल टाकून चालव, संध्याकाळी मोकळं वाजव. लेथवाल्याने काय सांगितलं ते मला कळव, त्याने काही उलटसुलट सुचवलं तर होकार द्यायच्या आधी मला फोन कर.