वापरलेली तीनचाकी घेताना

प्रश्न : डाळिंबाचे क्रेट बाजारात नेण्यासाठी जुनी तीनचाकी मालरिक्षा घ्यायची आहे. तिला मोटारसायकलसारखे हँडल असल्याने मोटारसायकलचा परवाना पुरतो आणि मुद्रांकावर करार झाला की व्यवहार संपतो, असे गावात सांगतात. ते खरे आहे का?
— एक शेतकरी, ता. इंदापूर

उत्तर : आपण ऐकलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, मात्र त्यावरील उपाय सोपे आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटारसायकल म्हणजे दुचाकी, फार तर सुट्या साइडकारसह. बारामतीतच तयार होणारी पियाजिओची ॲपे हँडलवर चालत असली तरी ती हलक्या मोटार वाहनात मोडते आणि तिच्यासाठी त्याच वर्गाचा परवाना लागतो. मुद्रांकावरील करार हा केवळ व्यवहाराचा पुरावा असून मालकी नोंदीनेच बदलते, म्हणून नमुना २९ (विक्रीची सूचना) व नमुना ३० (हस्तांतरणाचा अर्ज) बारामतीच्या परिवहन कार्यालयात द्यावेत. कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ वर तो आधी उतरवून घ्यावा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यास सुस्थितीत असल्याचा दाखला, संपलेले असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करणेच रास्त ठरते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, हौद्याखालील गंज व जोडकाम तपासावे. पुढे एकच चाक असल्याने वळणावर गाडी कलंडण्याचा धोका असतो. म्हणून क्रेट उंच रचू नयेत.

मूळ नोंदणीपत्र पाहिल्याशिवाय विसारही देऊ नये.