कान वाजतात? आधी गोळी की आधी तपासणी?



गॅदरिंगच्या रात्री स्पीकरच्या भिंतीसमोर नाचून रूमवर परतलं, की कानात ‘कुंईऽऽ’ सुरू होतं. पंखा बंद, लाईट बंद, रूममेटही घोरत नाहीये, तरी आवाज चालूच! याला म्हणतात टिनिटस, साध्या मराठीत कान वाजणं. बहुतेकांचा हा आवाज एक-दोन दिवसांत जातो. ज्यांचा जात नाही, त्यांना हॉस्टेलवर एकच सल्ला मिळतो : "अरे, व्हिटॅमिन कमी पडलं असेल, बी-कॉम्प्लेक्स घे!" कोणी तर थेट ‘कानासाठी खास’ असा महागडा डबाच मागवतं. आमच्या विंगमध्ये असे डबे दिसायला लागले, म्हणून मी हा विषय जरा वाचून काढला. मी डॉक्टर नाही, ई अँड टीसीची विद्यार्थिनी आहे. शाळाही कॉन्व्हेंटची, तेव्हा इंग्लिश शब्द डोकावले तर सांभाळून घ्या.

आवाज येतो कुठून?

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला ‘कॉक्लिया’ असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या म्हणजे आपले सेन्सर. कंपनांचं रूपांतर त्या विजेच्या सिग्नलमध्ये करतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे जाणारा सिग्नल कमी होतो. बऱ्याच संशोधकांच्या मते अशा वेळी मेंदू आपला ‘गेन’ वाढवतो. रिसीव्हरमधलं ए.जी.सी. सर्किट आठवा. सिग्नल नाही आणि गेन फुल, तर ऐकू काय येणार? नॉईज! जुन्या टीव्हीची अँटेना काढली की पडद्यावर मुंग्या आणि खरखर, तसंच थोडंफार. आता तुम्हीच सांगा, मेलेला सेन्सर व्हिटॅमिनने जिवंत होईल का?

अभ्यास काय सांगतात?

‘कानाच्या’ गोळ्यांमध्ये बहुधा गिंको नावाच्या झाडाचा अर्क, झिंक आणि बी गटातली व्हिटॅमिन्स असतात. ब्रिटनमध्ये गिंकोची चाचणी ११२१ लोकांवर झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच खोटी. २००१ साली निकाल छापून आला : दोन्ही गटांत फरक नाही. झिंकवरच्या चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१६ साली घेतला, त्यातही फायद्याचा पुरावा सापडला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच म्हटलंय, की सतत त्रास देणाऱ्या टिनिटसवर अशा पूरक गोळ्या सुचवू नयेत.

मग व्हिटॅमिनचा काहीच संबंध नाही? आहे, पण कमतरता असेल तरच. बी-१२ हे नसांवरच्या मायलिन या आवरणासाठी लागतं. ते मांस, मासे, अंडी आणि दुधात असतं, वनस्पतींत जवळजवळ नाहीच. म्हणजे शुद्ध शाकाहारी आणि वर दूध-दह्याला नाक मुरडणाऱ्यांनी सावध! २०१६ साली आपल्या देशातला ४० जणांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्यात बी-१२ कमी होतं त्यांना इंजेक्शनने थोडा आराम पडला. ज्यांच्यात पुरेसं होतं त्यांना नाही. अभ्यास लहान आहे, पण मुद्दा कळतो : रिकामी टाकी भरता येते, भरलेल्या टाकीत ओतून उपयोग काय?

उलट जास्तीचा धोकाही आहे. व्हिटॅमिन ए फार झालं तर कवटीतला दाब वाढू शकतो. त्याने डोकं दुखतं, आणि कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाजही येऊ शकतो. म्हणजे जे घालवायला गेलो, तेच आणलं!

मग करायचं काय?

१) गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं बी-१२ तपासा. आधी गोळ्या खाल्ल्या तर रिपोर्ट चांगला दिसतो आणि खरं काय ते कळत नाही.

२) उरलेल्या केसपेशी जपा. ८५ डेसिबल आवाज ८ तास, ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. गणित करा : १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! वर्कशॉपमध्ये आणि मिरवणुकीत इअरप्लग लावा. लाज कसली?

३) आवाज आठवडाभर टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. झोपताना पंख्याचा हलका आवाज असू द्या, शांततेत टिनिटस जास्त जाणवतो. त्रासच होत असेल तर सी.बी.टी. या समुपदेशनाच्या पद्धतीचा उपयोग होतो.

४) सर्वांत महत्त्वाचं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ती इमर्जन्सी समजा. त्यावर स्टेरॉईडचे उपचार असतात, आणि ते जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, तितके बरे. ‘आधी महिनाभर व्हिटॅमिन घेऊन बघू’ म्हणणाऱ्याचा तेवढ्यात कान जाऊ शकतो. सबमिशन असो की व्हायवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रीडिंग न घेता कॉम्पोनंट बदलला तर लॅबमध्ये सर ओरडतात. स्वतःच्या कानाला निदान तेवढा तरी न्याय द्या!