होडी उलटली तर?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिला मुंबईत शिडाची होडी चालवायला शिकायचंय. होडी उलटली तर, या विचाराने मला झोप लागत नाही. पाठवू का? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, जरूर पाठवा. होडी उलटणारच, सुरुवातीलाच आम्ही ती मुद्दाम उलटवतो. मुलांची ऑप्टिमिस्ट होडी जेमतेम २.३ मीटर लांब, ३५ किलोची. आतल्या हवेच्या पिशव्यांमुळे ती बुडत नाही. अंगात लाइफ जॅकेट, जवळ बचावाची मोटरबोट. होडी सोडून पोहत सुटायचं नाही. तळातून निघणाऱ्या फळीवर भार टाकून ती सरळ करायची, पाणी उपसायचं. हे स्वतः जमलं की मुलाचा चेहराच बदलतो. तो पाहण्यासाठी मी इतकी वर्षं शिकवतोय.

वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जात नाही, नागमोडी न्यावी लागते. फळ्यावर कितीही समजावलं तरी हे कळतं ते दुपारी खारे वारे सुटल्यावर, सुकाणू स्वतःच्या हातात असताना. म्हणून मी मुलांना लवकर एकटं सोडतो. मागून सतत ओरडणारा शिक्षक मला मान्य नाही.

पोहायला मात्र आधी शिकवा. पावसाळ्यात समुद्रातले वर्ग बंद असतात, तेवढ्यात ते उरकेल.