‘एवढी व्यवहारी बाई कशी फसली?’

प्रश्न : माझी मोठी बहीण अठ्ठावन्न वर्षांची आहे. मेहुणे जाऊन चार वर्षं झाली. तिची सगळी नोकरी बँकेत गेली, हिशेबाला ती एकदम पक्की. पुनर्विवाहासाठी तिनं एका संकेतस्थळावर नाव नोंदवलं. तिथे भेटलेल्या ‘लंडनच्या डॉक्टर’ला तिनं तीन महिन्यांत सहा लाख रुपये पाठवले. त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलंही नव्हतं. एवढी व्यवहारी बाई अशी कशी फसली? आणि आता काय करायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या ताई हिशेबात फसल्या नाहीत, कारण अशा भामट्यांच्या बोलण्यात सुरुवातीला पैशाचा विषयच नसतो. पहिले काही आठवडे फक्त चौकशी असते. सकाळी ‘उठलात का?’, दुपारी ‘जेवलात का?’, रात्री ‘गोळी घेतली का?’ ज्या घरात चार वर्षं हे विचारणारं कुणी नव्हतं, तिथे या तीन प्रश्नांचं मोल किती असेल, याचा विचार करा.

भामट्याचा व्यवसायही विचारपूर्वक निवडलेला असतो. परदेशातला डॉक्टर, समुद्रातल्या तेलविहिरीवरचा इंजिनिअर, लष्करी अधिकारी. ‘भेटायला का येत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर त्या नोकरीतच असतं. जोसेफ वॉल्थर या अमेरिकी संशोधकानं 1996 मध्येच मांडलं होतं, की केवळ मजकुरातून ओळख होते तेव्हा समोरच्याबद्दल जे कळत नाही ते आपण चांगल्या कल्पनांनी भरून काढतो. म्हणून न पाहिलेला माणूस पाहिलेल्या माणसापेक्षा जवळचा वाटू लागतो.

मग ‘भेटवस्तू’ निघते. दोन दिवसांनी फोन येतो : ‘दिल्ली विमानतळावरून कस्टममधून बोलतेय. पार्सलमध्ये परकीय चलन सापडलंय, शुल्क भरा.’ पहिली रक्कम हजारांत असते. ती भरली की दंड, मग प्रमाणपत्र, मग कर. दर वेळी ‘हे शेवटचं’. थांबायचं म्हटलं तर आधीचे पैसे गेले आणि तो माणूसही खोटा होता, हे एकाच क्षणी मान्य करावं लागतं. ते इतकं जड जातं, की त्यापेक्षा आणखी एक हप्ता भरणं सोपं वाटतं. या गुन्ह्याचा अभ्यास करणाऱ्या मोनिका व्हिटी यांना फसलेल्यांमध्ये हा दुहेरी घाव दिसला : पैसा गेल्याचा आणि प्रेम गेल्याचा. काहींना तर प्रेम गेल्याचंच दुःख जास्त होतं.

पलीकडे बहुतेक वेळा एकटा माणूस नसतो, टोळी असते. म्यानमार आणि कंबोडियात अशा फसवणुकीचे मोठे तळ आहेत. म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख माणसांना डांबून हे काम करून घेतलं जात असावं, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं 2023 मध्ये मांडला. नोकरीच्या आमिषानं नेलेले भारतीय तरुणही अशा तळांवरून सोडवून आणावे लागले आहेत. सरावलेल्या टोळीपुढे एकटं माणूस हरलं, तर तो त्याचा मूर्खपणा नाही.

आता बचावाचं. आपल्याकडे स्थळ आलं की मामा नाहीतर काका त्या गावी जाऊन चौकशी करून येत. शेजारी विचारत, नोकरीच्या ठिकाणी विचारत. ऑनलाइन ओळखीत हा मामाच नसतो, आणि भामटा तो येऊही देत नाही. ‘आपलं आपल्यातच ठेवू, घरी नंतर सांगू’ हे वाक्य आलं, की त्याच दिवशी घरातल्या एकाला सगळं सांगावं. फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहावा. तो दुसऱ्याच कुणाच्या नावानं सापडतो का ते बघावं. संकेतस्थळ सोडून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर येण्याची घाई म्हणजे धोक्याची खूण. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला म्हणूनही खात्री धरू नये, चेहरा आता बनवता येतो. कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यात शुल्क भरायला सांगत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही : प्रत्यक्ष भेट नाही, तर पैसा नाही.

तुमच्या ताईंसाठी : आजच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. फसवणूक ताजी असेल तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. तीन महिन्यांनंतर ती आशा कमी असते, तरी तक्रार कराच. त्या खात्यांचा माग त्यातूनच निघतो. संदेश, क्रमांक, पावत्या काहीही पुसू नका. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ‘फी भरा, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा कुणी आला, तर तो दुसरा भामटा समजा.

शेवटचं तुम्हाला. ‘एवढं कळलं कसं नाही?’ असं ताईंना विचारू नका. हा प्रश्न त्या स्वतःला रोज रात्री विचारत असतील. लाजेपोटी माणसं गप्प राहतात, म्हणूनच हा धंदा चालतो. तक्रार द्यायला त्यांच्याबरोबर जा. आणि उद्यापासून ‘जेवलीस का?’ हा प्रश्न ताईंना तुम्ही विचारा.