‘श्वास’ : दुःखात आपले माणूस



हॉस्पिटलच्या कथा आपण टीव्हीवर आवडीने पाहतो. त्यातली डॉक्टरांची धावपळ बाजूला ठेवली, तर मागे उरतो तो कुटुंबाचाच प्रश्न : आपल्या माणसाचे काही कायमचे जाणार असेल, तेव्हा आपण त्याच्यासाठी काय करायचे? या रविवारी त्यासाठी संदीप सावंत यांचा ‘श्वास’ हा चित्रपट घेऊ या. २००३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

कोकणातले एक आजोबा आपल्या नातवाला, परश्याला, शहरात आणतात. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया हवी आणि तिच्यात दृष्टी जाणार. डॉक्टर म्हणतात, मुलाला हे आधी कळले पाहिजे. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

ही अडचण आपल्याला परकी नाही. मंठ्याहून जालन्याला, तिथून संभाजीनगरच्या घाटीत आपणही पेशंट नेतो. रिपोर्ट हाती आला, की म्हणतो, “त्याला सांगू नका, खचून जाईल.” हेतू मायेचाच असतो. पण पुढे काय होते? घरात कुजबुज चालते आणि तो आला की सगळे गप्प. त्याला सारे उमगते, विचारायचे कुणाला? लपवल्याने दुःख टळत नाही. आपण फक्त त्याला आपल्यातून बाहेर ठेवतो.

सत्य सांगणे म्हणजे घाव घालणे नव्हे. कोण सांगतो, कसे सांगतो आणि सांगून झाल्यावर जवळ थांबतो का, हे महत्त्वाचे. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा परश्याला न सांगता बाहेर नेतात आणि शहर दाखवतात. डॉक्टर रागावतात, त्यांचेही बरोबरच. पण डोळे आहेत तोवर नातवाने जग पाहावे, हे आजोबांनाच सुचले. त्यांना रोग बरा करता आला नाही. सोबत मात्र त्यांनी दिली.

एक गोष्ट लक्षात ठेवा : लहान मुलाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हा रोग लवकर कळला तर जीव वाचतो, पुष्कळदा दृष्टीही.

घरी बोलण्यासाठी :
१. आपल्या घरात कुणाचा आजार त्याच्यापासूनच लपवला आहे का?
२. त्याच्याजवळ बसून बोलायला सर्वांत योग्य कोण?
३. ते बोलणे या आठवड्यात होईल का?